संत्र्याचं सॅलड ड्रेसिंग, फेसलेल्या मोहरीतलं

नागपुरात संत्र्याची बर्फी कुणालाही चालते, पण कोबीच्या कोशिंबिरीवर संत्र्याचा रस घातलाय म्हटलं की ताटाभोवतीच्या भुवया वर जातात. आमच्या घरीही गेल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मोहरी छान चढली आहे. संत्रं कुठाय?"

त्यांचं बरोबर होतं. नागपुरी संत्रं हे सोलून खायचं फळ. रस भरपूर, गोडवा आहे, वास सुरेख आहे, पण लिंबाइतका आंबटपणा त्यात नाही. असा रस सरळ तेलात मिसळला की त्याचं गोडूस पाणी होतं. तेल वर, रस खाली, आणि चव कुठेच नाही. म्हणून इथे दिलेली पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे: रस आटवून दाट करणं, आंबटपणासाठी लिंबाची मदत घेणं, आणि तेल-रस एकत्र धरून ठेवायला मोहरी फेसणं. तिसरी गोष्ट तर आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. परदेशी मोहरीच्या पेस्टची महागडी बाटली आणायची काहीच गरज नाही.

खालच्या मापात साधारण २०० मिली ड्रेसिंग होतं. चार माणसांच्या सॅलडला चार मोठे चमचे लागतात, म्हणजे एवढ्यात तीन वेळा होतं.

साहित्य: मध्यम आकाराची ४ संत्री, बारीक मोहरी १ छोटा चमचा, १ लिंबू, करडीचं किंवा दुसरं सौम्य तेल ९० मिली (६ मोठे चमचे), मीठ अर्धा छोटा चमचा, मिरपूड चवीपुरती. मध किंवा गूळ लागलाच तर.

संत्री निवडताना

आपल्याकडे संत्र्याचे दोन हंगाम. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. खायला मला मृगाचंच संत्रं आवडतं, ते जास्त गोड असतं. ड्रेसिंगसाठी मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमधला अंबिया घेते. त्यात थोडी आंबट धार शिल्लक असते आणि फळ पुरतं तयारही झालेलं असतं. अगदी सुरुवातीची, घाईने उतरवलेली संत्री टाळा. ती आंबट असतात हे ठीक, पण त्यांचा रस लवकर कडू होतो. त्याबद्दल पुढे बोलूच.

गोकुळपेठच्या बाजारात मी एकदा चकचकीत केशरी संत्री वेचून वेचून बाजूला ठेवत होते. विक्रेत्याने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ताई, रंगाले काय पाहून राहिल्या, वजन पाहा ना जी." त्याने एक हिरवट संत्रं माझ्या एका हातात दिलं, एक केशरी दुसऱ्या हातात. हिरवट चांगलंच जड होतं. साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात. थंडी उशिरा पडली तर आत तयार झालेलं फळही बाहेरून हिरवं राहतं. तेव्हा हाताला जड लागेल ते घ्या. साल ढिली असणं हा नागपुरी संत्र्याचा स्वभावच आहे, पण दाबल्यावर साल आणि फोडी यांच्यात पोकळी जाणवली तर आत रस कमी आणि चोथा जास्त निघतो.

सालही वापरायची आहे, त्यामुळे संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा आणि फडक्याने कोरडी करा. बाजारातल्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो. गार पाण्याने तो हलत नाही.

रस: दाबायचा, पिळवटायचा नाही

पहिल्यांदा मी शहाणपणा केला. संत्री सोलली, फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या आणि गाळून घेतल्या. रात्री चव मस्त होती. सकाळी बाटली उघडली तर कडूझार. रस नासला असेल म्हणून ओतून दिला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं, तेव्हा कळलं की रस नासलाच नव्हता.

संत्र्याच्या बियांत, फोडींच्या पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात एक घटक असतो. फळ अखंड असताना तो कडू लागत नाही. पण रस काढताना तो रसात उतरला की रसातल्या आम्लामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन अतिशय कडू असतं. म्हणून ताजा रस गोड आणि काही तासांनी कडू. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करण्यात हीच मोठी अडचण येते. फळ जसजसं पिकतं तसा हा घटक कमी होतो, म्हणून वर म्हटलं की कच्चं संत्रं नको.

उपाय सोपा आहे. आधी एका संत्र्याच्या अर्ध्या सालीचा फक्त केशरी भाग बारीक किसणीवर किसून वाटीत ठेवा. किसणी एका जागी एकदाच फिरवा. पांढरं दिसलं की थांबा. मग संत्री आडवी कापा आणि गाळणीवर धरून हलक्या हाताने दाबा. शेवटचा थेंब निघावा म्हणून साल पिळवटू नका. गाळणीत उरलेला चोथा चमच्याने घासू नका. बी फुटता कामा नये. चार संत्र्यांतून असा २०० मिलीच्या आसपास रस निघतो. थोडं वाया जातं, जाऊ द्या. ती उरलेली अर्धुकं उभ्याउभ्या खाण्यासाठी आमच्याकडे भांडण होतं.

आटवताना

यातला १५० मिली रस पसरट स्टीलच्या पातेल्यात घ्या. ॲल्युमिनियम, तांबं किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबट रस ते भांडं खातो. ३० मिली रस कच्चाच बाजूला ठेवा. तापवलेल्या रसाला गोडवा आणि दाटपणा येतो पण ताजा वास उडतो. तो परत आणायला हा कच्चा रस लागतो. राहिलेला घोटभर पिऊन टाका.

रस आटून ५० मिलीवर आला पाहिजे, म्हणजे तिसरा हिस्सा. डोळ्यांनी हे सांगता येत नाही, मी दर वेळी चुकत होते. आता अशी युक्ती करते: रिकाम्या पातेल्यात ५० मिली पाणी ओतायचं, लाकडी उलथणं उभं धरायचं आणि ओल कुठवर आली तिथे सुरीने बारीक खूण करायची. मग पाणी फेकून रस ओतायचा. मंद ते मध्यम आचेवर ८-१० मिनिटं लागतात. सुरुवातीला पांढरट फेस येतो, तो काढून टाका. शेवटाकडे बुडबुडे मोठे आणि चकचकीत होतात. तिथे पातेल्यापासून हलू नका, कारण शेवटची दोन मिनिटं फार झपाट्याने जातात. पाकासारखा वास येऊ लागला तर जास्त आटलं. लगेच उतरवून त्यात चमचाभर कच्चा रस घाला.

एक लक्षात ठेवा: तापवल्याने कडूपणा येण्याची क्रिया थांबत नाही, उलट वेग घेते. म्हणून आधीची गाळणी आणि हलका हात महत्त्वाचा. रस स्वच्छ असेल तर आटवल्यावर जिभेच्या टोकाला किंचित कडसर लागतो, तेवढा हवाच. मुरंब्याला जशी साल शोभते तसं ते.

आटलेला रस पूर्ण गार होऊ द्या.

मोहरी फेसणं

माझ्या माहेरी मोहरी पाट्यावर फेसायचे. आई दोन चमचे मोहरी पाट्यावर घ्यायची, पाण्याचा हबका मारायची आणि वरवंटा फिरवायला लागायची. सुरुवातीला काहीच नाही, नुसती करकर. मग गोळा पिवळट व्हायचा, पांढुरका फेस सुटायचा आणि एका क्षणी ती झटकन मान मागे घ्यायची. डोळ्यांत पाणी. "चढली," म्हणायची. आम्ही मुद्दाम जवळ जाऊन वास घ्यायचो आणि नाक धरून पळायचो.

त्या क्षणी जे घडतं ते असं. अख्ख्या मोहरीला झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात जाणारं तिखट तेल तयार होतं. पाणी नसेल तर हे होत नाही, आणि गरम पाणी घातलं तर विकरच मरतं. मोहरी भाजून घेतली तरी तेच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवातीलाच लिंबू पिळणं. आंबट लागलं की विकर मंदावतं आणि मोहरी मिळमिळीत राहते. क्रम असा: आधी कोरडी भरड, मग गार पाणी, मग थांबणं, मग लिंबू-मीठ. झणका चढल्यावर घातलेलं लिंबू उलट तो थोडा टिकवून धरतं.

एका छोट्या चमच्याएवढी मोहरी मिक्सरमध्ये फिरत नाही, भांड्याच्या कडेला चिकटून बसते. खलबत्ता काढा. मोहरी कोरडीच कुटून भरड करा. मग दोन छोटे चमचे गार पाणी थेंबथेंब घालत, बत्ता गोल फिरवत घोटा. पाच मिनिटं तरी हात चालवायचा. लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ घरात असेल तर काम अर्ध्यावर येतं. पिवळी मोहरी वापरली तर झणका सौम्य येतो, मुलांना तीच द्या. घोटून झाली की वाटी झाकून १० मिनिटं ठेवा. मग झाकण काढून वास घ्या, फार जवळून नको.

या मोहरीचं दुसरं काम चवीपेक्षाही मोठं. तिच्या टरफलात बुळबुळीत चिकट अंश असतो. तो आणि मोहरीची बारीक पूड तेलाच्या थेंबांभोवती बसून त्यांना पुन्हा एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणून मोहरी जितकी बारीक घोटाल तितकं ड्रेसिंग जास्त वेळ एकजीव राहील.

तेलाचं काय

मी करडीचं तेल घेते. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, संत्र्याला वाट मोकळी मिळते आणि फ्रिजमध्ये ते गोठत नाही. घाण्याचं फल्ली तेल (शेंगदाण्याचं) कोबी-गाजराला झकास लागतं, पण पालेभाजीच्या कोवळ्या पानांवर जड वाटतं, आणि थंडीत बाटलीत दाट होतं. ऑलिव्ह ऑइलही फ्रिजमध्ये गोठतं. बाहेर ठेवलं की पूर्ववत होतं, घाबरायचं कारण नाही. विदर्भात जवस आहे तर त्याचं तेल का नको? घाला, पण चौथा हिस्साच, आणि ताजं. जवसाचं तेल लवकर खवट होतं आणि खवट झालं की थेट रंगाच्या डब्यासारखं येतं.

एकत्र करणं

उंच पेला किंवा अरुंद डबा घ्या. त्यात फेसलेली मोहरी, मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून मीठ विरघळू द्या. मीठ तेलात विरघळत नाही. तेल आधी गेलं तर मिठाचे कण तळाशी बसून राहतात आणि शेवटच्या माणसाचं सॅलड खारट होतं. आता गार झालेला आटवलेला रस, कच्चा रस आणि मिरपूड घाला.

इथे ताक घुसळायची छोटी रवी कामी येते. एका हाताने रवी फिरवायची, दुसऱ्या हाताने तेल. पहिले दोन चमचे अक्षरशः थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंब रसात हरवल्यावर पुढचा. मिश्रण धुरकट, फिकट केशरी दिसायला लागलं की बारीक धार धरायला हरकत नाही. घाईने सगळं तेल ओतलं तर फाटतं. फाटलं तरी फेकू नका. दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा फेसलेली मोहरी घ्या आणि फाटलेलं मिश्रण त्यात चमचा चमचा घालत घुसळा, धरतं. एवढा खटाटोप नको असेल त्या दिवशी सगळं काचेच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हलवा. तासाभरात थर सुटतील, वाढताना पुन्हा हलवायचं. रोजच्या जेवणाला मीही हेच करते.

सालीचा कीस सगळ्यात शेवटी.

पुस्तकी प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असं असतं. इथे तेल आणि रस जवळपास सारखे आहेत, कारण आटवलेला रस व्हिनेगरसारखा टोचत नाही. त्याला मऊ करायला इतकं तेल लागतच नाही. तेलाचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी: मोठ्या चमचाभर ड्रेसिंगमध्ये अर्धा चमचा तेल येतं, म्हणजे ६० कॅलरीच्या आसपास.

चव बघताना ड्रेसिंग चमच्याने चाटू नका, नुसतं ते नेहमीच जास्त आंबट-खारट लागतं. ज्या भाजीवर घालणार तिचा तुकडा बुडवून खा. फिकं लागलं तर आधी मीठ, मग लिंबू. गोडवा शेवटी, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. मध घातलात तर वर्षाच्या आतल्या बाळाला ते चाटवू नका.

कशावर घालायचं

कोबी आणि गाजर हे पहिलं. कोबी अगदी केसासारखा बारीक चिरा, गाजर किसा, ड्रेसिंग घालून हाताने चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. कोबी थोडा दमतो आणि रस पितो. काकडी आणि मुळ्याचं उलट आहे. मिठामुळे त्यांना पाणी सुटतं, म्हणून पान वाढल्यावरच ड्रेसिंग. पालक किंवा लेट्यूस असेल तर पानं फडक्यात गुंडाळून ठणठणीत कोरडी करा. ओल्या पानावर तेल चिकटत नाही, सगळं ताटाच्या तळाला जमा होतं. चार माणसांच्या साधारण अर्धा किलो भाजीला चार चमचे पुरेत. आधी तीनच घाला.

हिवाळ्यात आमच्याकडे सर्वांत जास्त खपतं ते सोल्यांचं सॅलड. तुरीचे किंवा हरभऱ्याचे हिरवे सोले मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकडायचे, दाणा दबला पाहिजे पण फुटता कामा नये. निथळून गरम असतानाच अर्धं ड्रेसिंग घालायचं, कारण गरम दाणा चव आत ओढतो. गार झाल्यावर बारीक चिरलेला कांदा, एका संत्र्याच्या पापुद्रा काढलेल्या फोडी, मूठभर सांबार (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी घाबरू नये, आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर) आणि उरलेलं ड्रेसिंग. वर भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट. हे पोळीबरोबर भाजीच्या जागी खपून जातं.

उकडलेलं बीट आणि हे ड्रेसिंग यांचं फार जमतं. बिटाला जो मातकट वास असतो तो संत्रं झाकतं. वाफवलेली मोड आलेली मटकी, भाजलेलं रताळं, परतलेलं पनीर, तिन्हींवर चालतं. टोमॅटोवर नको, आंबटात आंबट आणि पाणीच पाणी. दह्याच्या कोशिंबिरीतही नको. आणि तर्री-पोह्यांवर घालून पाहणाऱ्या माझ्या दिरांविषयी इथे लिहिणं बरं नाही.

किती टिकतं

धुतलेल्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, चार दिवस. दुसऱ्या दिवसानंतर मोहरीचा झणका आणि सालीचा वास उतरतो, त्यामुळे मी दोन दिवसांपलीकडे ठेवत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बरणी टेबलावर विसरू नका. लसूण घालायची हौस असेल तर त्या वेळेपुरत्या ड्रेसिंगमध्येच ठेचून घाला. कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसचे दिवस ठेवणं धोक्याचं आहे. त्यात बोटुलिझम या घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही.

संत्री नसतात तेव्हा

मोसंबीचं करता येतं, पण ती आणखी गुळमट असते. लिंबू दुप्पट घ्या आणि रस लगेच वापरा, तोही कडू होतो. एप्रिल-मेमध्ये कैरी. ती उकडून गर काढायचा. लिंबू अजिबात नको, उलट लिंबाएवढा गूळ लागतो. गर मुळातच दाट असल्याने आटवणं नाही, तेलही निम्म्याहून कमी पुरतं. पावसाच्या तोंडावर जांभळं आली की गर चाळणीवर घासून घ्या. रंग बघण्यासारखा येतो, तुरटपणा मोडायला मीठ थोडं वाढवा. पेरूचा गर वाफवून गाळला की तो इतका दाट होतो की दोन चमचे पाणी घालावं लागतं. मोहरी सगळीकडे तीच, तेवढीच.

आणि बरणीच्या तळाशी, कडांना चिकटून जे चमचाभर उरतं ते धुऊन टाकू नका. त्याच बरणीत काकडीच्या चकत्या भरा, झाकण लावा, खडखड हलवा आणि बरणीतूनच खा.